यंत्राने कोरलेली कॅप आणि न दुखणारी दाढ

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे, कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. खालच्या उजव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनाल झालं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी या वेळी तोंडात मापाचा लगदा न घालता छोट्या कॅमेऱ्याने स्कॅन केलं आणि संगणकावर कोरलेली झिरकोनियाची, म्हणजे दाताच्या रंगाच्या कठीण सिरॅमिकची, कॅप आणून बसवली. १२ हजार रुपये घेतले, १० वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड दिलं. काही दिवसांतच दाढेच्या मागच्या बाजूला घास अडकायला लागला. तिथे ब्रश लागला की रक्त येतं, आणि फ्लॉस (दातांमधून फिरवायचा दोरा) घातला तर त्याचे धागे सुटतात. पुण्याला भावाकडे गेले होते, तेव्हा तिथल्या दंतवैद्यांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, "मागच्या कडेला फट आहे, कॅप काढून नवी करा." आमचे डॉक्टर म्हणतात, "डिजिटल कॅप मायक्रॉनमध्ये अचूक असते, फट राहणं शक्यच नाही. रूट कॅनालचा दात आहे, दुखत तर नाही ना? मग राहू द्या. फारच वाटत असेल तर कडेने सिमेंट भरून देतो." खरंच, दुखत काहीच नाही. डॉक्टरांशी आमचे घरच्यासारखे संबंध आहेत, त्यामुळे बोलायला अवघड वाटतं. काय करू? माझ्या जाऊबाईंचंही रूट कॅनाल चालू आहे. त्यांनी हे डिजिटल सोडून साधी मेटलची कॅप घ्यावी का?

उत्तर : ताई, सस्नेह नमस्कार.

आधी थेट उत्तर देते. फट खरोखर असेल तर ती कॅप काढून नवीच करायला हवी. कडेने सिमेंट भरून घेऊ नका. उद्याच्या उद्या धावपळ करण्याइतकी घाई नाही, पण "बघू दिवाळीनंतर" असंही करू नका. आणि काढण्याआधी फट आहे याची नीट खात्री करून घ्या, कारण तुम्ही लिहिलेल्या तक्रारी दोन वेगवेगळ्या दोषांतून येऊ शकतात आणि त्यांचे उपायही थोडे वेगळे आहेत. ते पुढे सांगतेच. त्याआधी मला त्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे : "दुखत तर नाही ना? मग राहू द्या."

रूट कॅनाल म्हणजे दाताच्या आतली नस काढून, मुळांच्या नळ्या साफ करून त्या गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने बंद करणं. नस गेली म्हणजे दाताचा आतला पहारेकरी गेला. जिवंत दातावरच्या कॅपखाली कीड शिरली तर दात गार पाण्याला झिणझिणतो, गोडाला ठणकतो, रात्री झोपू देत नाही. माणूस वैतागून का होईना, दवाखान्यात येतो. रूट कॅनाल झालेला दात यातलं काहीच करत नाही. कॅपच्या कडेखाली कीड महिनोन्‌महिने दात पोखरत राहते, दात मऊ होत जातो, आणि एक दिवस भाकरीचा तुकडा चावताना कॅप आतल्या खुंटासकट हातात येते. पेशंट कॅप घेऊन येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, फक्त चिकटवून द्या." आत बघितलं तर चिकटवायला दातच उरलेला नसतो. हिरडीच्या पातळीवर मुळं शिल्लक असतात आणि बहुतेक वेळा ती काढावी लागतात. म्हणून नस काढलेल्या दाताच्या बाबतीत दुखत नाही याला काडीचाही अर्थ नाही. उलट हा दात बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपल्याला जास्त बारकाईने बघावं लागतं.

दात सगळाच मुका झालेला नसतो, हेही सांगायला हवं. मुळाभोवती दाताला हाडाशी धरून ठेवणारा जो पातळ पडदा असतो, त्याच्या संवेदना शाबूत असतात. त्यामुळे कॅप उंच झाली तर रूट कॅनाल झालेल्या दातालाही ती लगेच कळते, चावताना दुखतं. तुम्हाला तसं होत नाही, म्हणजे चावण्याची उंची बहुधा बरोबर आहे. पण उंची बरोबर असणं आणि कडा बंद असणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली तुम्हाला जाणवते, दुसरी जाणवत नाही.

फटीतून नुसती कीडच शिरते असंही नाही. तोंडातली लाळ जंतूंनी भरलेली असते. ती कॅपच्या कडेतून आत झिरपत राहिली आणि आतलं फिलिंग घट्ट नसेल, तर ती मुळांच्या भरलेल्या नळ्यांपर्यंत पोचते. १९९० मध्ये तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत हे तपासलं होतं. वरून झाकण नसलेल्या निम्म्याहून जास्त भरलेल्या नळ्यांमधून जंतू पार टोकापर्यंत पोचायला काही आठवडे पुरले. पुढे १९९५ मध्ये रे आणि ट्रोप यांनी रूट कॅनाल झालेल्या हजारावर दातांचे एक्स-रे तपासले. त्यांचं निरीक्षण असं, की मुळाच्या टोकाशी हाड निरोगी राहण्यात वरचं फिलिंग किंवा कॅप किती चांगली आहे याचा वाटा आत केलेल्या रूट कॅनालपेक्षाही मोठा दिसतो. नंतरच्या अभ्यासांनी म्हटलं की दोन्ही चांगलं हवं, आणि माझंही मत तेच आहे. पण आपल्याकडे पेशंट आणि डॉक्टर दोघंही रूट कॅनाल म्हणजे खरं काम आणि कॅप म्हणजे वरचं टोपण असं धरून चालतात. तुम्ही तीन-चार वेळा खुर्चीत बसून, इंजेक्शनं घेऊन जे काम करून घेतलंत, त्याचं भविष्य या कॅपच्या कडेवर अवलंबून आहे.

आता तुमच्या डॉक्टरांचं दुसरं वाक्य. डिजिटल म्हणजे फट राहणं शक्यच नाही, हे खरं नाही.

या तंत्राला आता चाळीस वर्षं होऊन गेली. सप्टेंबर १९८५ मध्ये झुरिच विद्यापीठात दंतवैद्य वेर्नर म्योरमान यांनी, इंजिनिअर मार्को ब्रांडेस्टिनी यांच्यासोबत विकसित केलेल्या यंत्राने कोरलेलं सिरॅमिकचं पहिलं फिलिंग पेशंट खुर्चीत असतानाच बसवलं. सुरुवातीच्या त्या यंत्रांचं काम कडेला बरंच ओबडधोबड असायचं. आजची यंत्रं फार पुढे गेली आहेत, आणि नीट केलेल्या डिजिटल कॅपची कड हाताने केलेल्या उत्तम कॅपच्या तोडीची असते, कधी कधी सरसही. मी स्वतः स्कॅनर वापरते आणि लगद्याच्या मापाकडे परत जायची माझी इच्छा नाही. पण जी गोष्ट कॅमेऱ्याला दिसली नाही ती यंत्र कोरू शकत नाही, आणि हे १९८५ मध्ये जितकं खरं होतं तितकंच आजही आहे.

तुमच्याच दाढेचं उदाहरण घेऊ. पहिली मोठी दाढ, मागची बाजू, आणि तिच्या पाठीशी चिकटून दुसरी दाढ. अशा दाढांना कीड बहुतेक वेळा दोन दाढांच्या मधूनच लागते, त्यामुळे दाताची शाबूत कड त्या बाजूला हिरडीच्या खाली गेलेली असते. तिथे स्कॅनरचं डोकं शिरायला जागा कमी, मागच्या दाढेची सावली, लाळेचं तळं, आणि हिरडी जराशी दुखावली असेल तर रक्त. स्कॅनर प्रकाशावर चालतो. रक्ताचा थेंब किंवा हिरडीचा पदर कडेवर आला, की स्कॅनर त्यालाच दात समजतो. काही वेळा तिथे भोक राहतं आणि सॉफ्टवेअर आजूबाजूचा अंदाज घेऊन ते बुजवून टाकतं. मग लॅबमधला टेक्निशियन पडद्यावर माऊसने कडेची रेघ आखतो. कड स्वच्छ दिसत असेल तर रेघ बरोबर येते. धूसर असेल तर तो अंदाजाने आखतो. त्यानंतर यंत्र ती अंदाजाची रेघ अगदी मायक्रॉनमध्ये अचूक कोरतं! डॉक्टर म्हणाले ती अचूकता खोटी नाही, पण ती पडद्यावरच्या रेघेशी आहे. तुमच्या दाताशी ती जुळते की नाही, हे स्कॅन घेताना ठरतं.

म्हणूनच स्कॅनच्या आधी हिरडीच्या खोबणीत औषधात भिजवलेला बारीक दोरा घालून हिरडी बाजूला सारायची असते, रक्त थांबवायचं असतं, कड कोरडी करायची असते. हे काम वेळखाऊ आहे, पेशंटला अप्रिय आहे, आणि गर्दीच्या दवाखान्यात पहिल्यांदा हेच गाळलं जातं. स्कॅनर आल्यावर हे करायची गरज संपली असा एक समज आमच्या व्यवसायात पसरला आहे, तो मला धोकादायक वाटतो. जुन्या रबराच्या मापात द्रव दाबाने थोडाफार तरी हिरडीखाली सरकायचा. प्रकाश तसा सरकत नाही. तेव्हा डिजिटलमध्ये हिरडी बाजूला करणं जास्तच गरजेचं झालं आहे.

पुढचा टप्पा कोरण्याचा. यंत्रातला सर्वांत बारीक बर, म्हणजे कोरणारं फिरतं टोक, साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो, काही यंत्रांत त्याहून थोडा कमी. दातावर त्यापेक्षा पातळ, टोकदार कोपरा ठेवला असेल, तर कॅपच्या आत तेवढी अरुंद जागा कोरणं त्या बरला शक्यच नसतं. मग सॉफ्टवेअर तिथे जास्तीची जागा मोकळी करून टाकतं आणि कॅप आतून ढिली होते. तसं झालं नाही तर कॅप त्या कोपऱ्यावर टेकते आणि कडेपर्यंत खाली जातच नाही. रूट कॅनाल झालेल्या दातांत हे जास्त होतं, कारण तिथे बऱ्याचदा एखादीच पातळ, उभी भिंत शिल्लक असते, बाकीचा दात फिलिंगने उभा केलेला असतो, आणि दोघांच्या जोडावर कोपरे राहतात. ते गोलसर करणं हे दंतवैद्याच्या हातातलं काम आहे, यंत्राच्या नाही.

झिरकोनियाची आणखी एक गंमत आहे. तो कडक अवस्थेत कोरतच नाहीत. खडूसारख्या मऊ, कच्च्या ठोकळ्यातून कॅप सुमारे २० ते २५ टक्के मोठी कोरतात आणि मग सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. भाजताना ती आकसून खऱ्या मापाला येते. प्रत्येक ठोकळ्यावर त्याच्या आकसण्याचा आकडा छापलेला असतो आणि तोच सॉफ्टवेअरमध्ये भरावा लागतो. आकडा चुकला, बर झिजलेला राहिला, भट्टीचं तापमान बिघडलं, की सगळी कॅप घट्ट किंवा सैल होते. चांगल्या लॅबमध्ये हे क्वचित घडतं, आणि तुमची तक्रार फक्त मागच्या कडेची असल्यामुळे मला इथे संशय कमी आहे. पण अशक्य शब्द वापरण्याआधी या साखळीत माणसाचा हात किती ठिकाणी लागतो हे लक्षात घ्यायला हवं.

दात आणि कॅप यांच्यात सिमेंटसाठी मुद्दाम थोडी जागा सोडलेली असते. हाही सॉफ्टवेअरमध्ये भरायचा आकडा आहे, साधारण ५० मायक्रॉनच्या आसपास, आणि कडेजवळ त्याहून कमी. हा आकडा सढळ हाताने वाढवला की कॅप विनासायास दातावर सरकते, डॉक्टर लॅबवर खूश होतात आणि पेशंटला वाटतं काय छान बसली! पण नुसतं सहज बसणं हे चांगल्या बसण्याचं लक्षण नाही. कॅप कडेला टेकली का, हलवल्यावर डुगडुगते का, हे बघावं लागतं.

किती फट चालते, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. शून्य फट कुठल्याच कॅपला नसते. १९७१ मध्ये मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी तोंडात बसवलेल्या हजारावर कामांचा पाच वर्षं मागोवा घेऊन १२० मायक्रॉन ही व्यवहारात चालण्याजोगी कमाल मर्यादा मानली. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे ही मर्यादा मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी झाली. आजही अभ्यासक तोच आकडा समोर ठेवून मोजतात, आणि नीट घेतलेल्या स्कॅनवरून कोरलेल्या कॅप बऱ्याच अभ्यासांत या मर्यादेच्या बऱ्यापैकी आत येतात. एक्स-रेवर उघड दिसणारी फट मात्र बहुधा ही मर्यादा ओलांडून गेलेली असते. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांचं म्हणणं मी सहज बाजूला टाकणार नाही.

तरीही खात्री करून घ्या. तिरक्या कोनातून काढलेल्या एक्स-रेत असलेली फट झाकली जाते, आणि काही सिमेंटं एक्स-रेत काळी दिसत असल्यामुळे नसलेली फट दिसल्यासारखी वाटते. त्यासाठी किरण दातांच्या मधून सरळ जाईल असा, दातांत पट्टी चावून काढायचा एक्स-रे घ्यायला सांगा. त्याला बाइटविंग म्हणतात. त्याबरोबर डॉक्टरांनी प्रोबने, म्हणजे तपासणीच्या बारीक टोकाच्या सळीने, मागच्या कडेवरून खालून वर आणि वरून खाली हात फिरवून बघायला हवा. एकाच दिशेने टोक अडकत असेल तर तो कॅपचा पुढे आलेला किंवा कमी पडलेला काठ असू शकतो. दोन्ही दिशांनी अडकत असेल किंवा टोक आत शिरत असेल तर ती उघडी कड. कॅपच्या आत कीड आहे का हे मात्र एक्स-रे सांगू शकणार नाही. झिरकोनिया धातूसारखा पांढराफेक दिसतो आणि आतलं सगळं झाकून टाकतो. एक्स-रेत काय ते कडेलाच दिसतं.

आता त्या दोन दोषांबद्दल. घास अडकणं हे प्रामुख्याने शेजारच्या दाढेशी असलेला संपर्क सैल राहिल्याचं लक्षण आहे. फ्लॉस दोन दाढांमधून जाताना किंचित अडून टक्‌कन खाली उतरला पाहिजे. सरळ खाली पडत असेल तर संपर्क उघडा आहे. फ्लॉसचे धागे सुटणं हे मात्र उघड्या किंवा खरखरीत कडेचं लक्षण. तुमच्या पत्रात दोन्ही आहेत. याच्या उलटही घडतं : संपर्क जास्त घट्ट असला की कॅप शेजारच्या दाढेवर अडकते आणि पूर्ण खाली उतरत नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण तिरकं फिरवलं की एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला उघडं राहतं, तशी ती कॅप बसते. म्हणून सिमेंट लावण्याआधी आधी संपर्क, मग कड, आणि शेवटी चावण्याची उंची, या क्रमाने तपासायचं असतं. नुसता संपर्क सैल असेल, कड बंद असेल, तरी झिरकोनियाला तोंडात पक्कं काही जोडता येत नाही. म्हणजे तेव्हाही कॅप नवीच करावी लागते, फक्त दातावर नव्याने फारसं काम लागत नाही.

कडेने सिमेंट भरण्याबद्दल मी इतकी ठाम का, ते सांगते. लाळेत आणि हिरडीच्या ओलाव्यात, हिरडीखाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी भरलेलं सिमेंट नीट चिकटत नाही. ते हळूहळू झिजतं, विरघळतं. जे उरतं ते खरखरीत असतं, त्यावर प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचतो आणि हिरडी आणखी सुजते. पहिले काही महिने मात्र घास अडकणं कमी होतं आणि सगळ्यांना वाटतं, मिटलं. ज्या दाताला दुखणं माहीतच नाही, त्याच्यावरची अशी मलमपट्टी आपल्याला फसवते.

कॅप काढायची म्हणजे काय होतं, याची भीती वाटणं साहजिक आहे. झिरकोनिया फार कठीण असतो. भरपूर पाणी सोडत, हिऱ्याच्या बरने कॅपला चीर पाडून ती दोन तुकड्यांत काढतात. वेळ लागतो, आवाज होतो, पण दाताला दुखायचं काही उरलेलं नाही. हिरडीसाठी लागलं तर एखादं इंजेक्शन. ठोकून, हिसके देऊन कॅप उपसून काढायचा प्रयत्न करू देऊ नका. रूट कॅनाल झालेला दात आतून पोकळ केलेला असतो आणि त्यात उभी चीर गेली तर तो वाचवता येत नाही. कॅप निघाल्यावर आतलं फिलिंग घट्ट आहे का, कडेला कीड आहे का, आणि हिरडीच्या वर दाताचा स्वतःचा भाग किती उरला आहे, हे बघायचं. कॅपच्या कडेने दाताला चहूबाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर तरी धरलं पाहिजे, आणि तो भाग दाताचा हवा, फिलिंगचा नको. तुमच्या मागच्या बाजूला कड फिलिंगवरच टेकलेली निघाली, तर हिरडीची आणि थोडी हाडाची छोटी शस्त्रक्रिया करून दाताची कड उघडी करावी लागेल. हे आधी माहीत असलेलं बरं, कारण तसं असेल तर नुसती नवी कॅप करून पुन्हा तीच फट राहील.

आतलं फिलिंग घट्ट आणि कोरडं निघालं, तर एवढ्या थोड्या काळासाठी रूट कॅनाल पुन्हा करायची गरज पडू नये. फिलिंग ढिलं, ओलं, वास येणारं निघालं तर त्याचा वेगळा विचार करावा लागेल. नवं स्कॅन त्याच दिवशी रक्ताळलेल्या हिरडीत घेऊ नये. गुळगुळीत कडेची तात्पुरती प्लास्टिकची कॅप बसवून हिरडी आठ-दहा दिवस शांत होऊ द्यावी, मग दोरा घालून स्कॅन करावं. या दिवसांसाठी थोडं थांबावं लागलं तर कुरकुर करू नका.

आता सगळ्यात नाजूक भाग : डॉक्टरांशी बोलणं. तुमचे संबंध जुने आहेत आणि मला ते तुटायला नको आहेत. चूक कुणाची असं सुरू केलंत तर डॉक्टर स्वतःचं काम राखायला लागतील. त्याऐवजी म्हणा, "डॉक्टर, तुम्ही घेतलेलं माझं स्कॅन आपण दोघं पडद्यावर बघू या का? मागची कड कशी दिसते ते मला दाखवा." डिजिटल पद्धतीचा हा खरा फायदा आहे. लगद्याचं माप टाकून दिलं जातं, स्कॅनची फाईल मात्र साठवलेली असते. ती दाढ फिरवून मागून बघितली की कड सलग रेघेसारखी दिसते की मेणासारखी वितळलेली, हे तुम्हालाही कळेल. कड धूसर असेल तर डॉक्टरांना पुढे काही सांगावं लागणार नाही. कड स्वच्छ असेल आणि तरीही फट असेल, तर दोष कोरण्यात, भाजण्यात किंवा चिकटवण्यात आहे. पुण्याचा एक्स-रे सोबत न्या, पण तो पुरावा म्हणून टेबलावर ठेवू नका. नवा बाइटविंग काढायची विनंती करा.

खर्चाचं म्हणाल, तर फिटिंगच्या दोषासाठी अनेक लॅब कॅप पुन्हा करून देतात, त्यामुळे डॉक्टरांनाही सगळा भुर्दंड पडेलच असं नाही. बसवून थोडेच दिवस झालेल्या कॅपची कड उघडी असेल, तर नव्या कॅपचे पैसे तुमच्याकडून घेऊ नयेत असं मला स्पष्ट वाटतं. हिरडीची शस्त्रक्रिया लागली तर तो खर्च वेगळा, आणि तो देणं रास्त आहे. वॉरंटीच्या कार्डावर मात्र फार विसंबू नका. ते बहुतेक वेळा कॅप फुटण्याबद्दल असतं, कॅपखालच्या दाताबद्दल नसतं. दात गेला तरी झिरकोनिया अखंड राहील आणि कार्डाच्या हिशोबाने कॅप उत्तमच ठरेल. पेशंटला कार्ड देताना हे सांगायला हवं, आणि ते कुणी सांगत नाही याची मला खंत आहे.

डॉक्टर तरीही ऐकत नसतील, तर तिसरं मत एखाद्या दंत महाविद्यालयात, कृत्रिम दंतशास्त्र म्हणजे प्रॉस्थोडॉन्टिक्स विभागात घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, आणि खासगी महाविद्यालयांतही तपासणीचा खर्च फार नसतो. तिथे तुमची कॅप विकण्यात कुणाचा स्वार्थ नसतो.

जाऊबाईंना सांगा, डिजिटलला घाबरून मेटलकडे पळण्याचं कारण नाही. मेटलची कॅपही मेण कोरून, साच्यात धातू ओतून करतात आणि त्या प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते. कॅप कशी करतात यापेक्षा बसवण्याआधी कोण आणि कशी तपासतं हे त्यांच्या दाताचं भविष्य ठरवेल. शेवटची दाढ असेल, दिसण्याची चिंता नसेल आणि कॅपसाठी दात वरून घासून कमी करायला वाव थोडा असेल, तर पातळ मेटलची कॅप आजही उत्तम काम देते. नाहीतर झिरकोनिया घ्यावा. मोठ्या दाढेचं रूट कॅनाल झाल्यावर कॅप मात्र टाळू नये. त्यांनी डॉक्टरांना दोनच विनंत्या कराव्यात : स्कॅन झाल्यावर कड मला पडद्यावर दाखवा, आणि कॅप पक्की चिकटवण्याआधी ती नुसती बसवून कडेचा एक्स-रे काढा. सिमेंट लावण्याआधी दोष सापडला तर कॅप लॅबला परत पाठवायला एक मिनिट लागतं. नंतर सापडला तर तुमच्यासारखं होतं.

नवी कॅप होईपर्यंत त्या जागेची काळजी तुमच्या हातात आहे. रोज रात्री त्या फटीत बारीक इंटरडेंटल ब्रश (दातांच्या मधल्या जागेत घालायचा छोटा ब्रश) फिरवा, दोन दाढांमध्ये सहज जाईल त्याच मापाचा. टूथपिक किंवा टाचणी नको. फ्लॉस वापरत असाल तर दोन दाढांमध्ये खाली नेल्यावर तो पुन्हा वर ओढू नका, एक टोक सोडून गालाच्या बाजूने हळूच बाहेर काढा, म्हणजे उघड्या कडेत अडकून त्याचे धागे आत राहणार नाहीत. त्या बाजूने सुपारी, चिक्की, कडक चकली चावू नका. आणि हिरडी सुजली, पू आला किंवा दाढ चावताना उंच लागायला लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.